तीन खणांचा लूप

तुम्ही माणसाला बाद करता आणि का केलं ते दडवून ठेवता, साहेब.

तुमच्या ट्रेनिंगला प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा मी दोनदा दिली. दोन्ही वेळा पडद्यावर एकच शब्द: अपात्र. संधी दोनच. सोमवारी बॅच भरणार, माझं नाव कटलेलं.

नेकनूरला आमच्या क्लासात कॉम्प्युटर कुलपात असायचे. सर फळ्यावर जुनी सी भाषा लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. एकच काम दहादा करून घ्यायचं तर लूप: कंसात तीन खण, सुरुवात, अट, वाढ. पाढ्यासारखं घोकलं. तुमची परीक्षा नव्या भाषेत. ती मोबाइलवर वाचून शिकले. पण लूप आला की हात जुनाच लिहायचा. मला वाटलं, लूप सगळीकडं सारखाच.

दुसऱ्यांदा बाद झाल्यावर वही घेऊन तौसीफभाईच्या मोबाइल दुकानात गेले. त्यांच्याकडं लॅपटॉप हाय.

"लॅपटॉपला वही वाचून दाखवती काय?"

"चेष्टा मागून करा, तौसीफभाई. आधी नेट लावा."

परीक्षेत मी लिहिलेला प्रोग्रॅम जशाचा तसा टाइप केला. कोड तपासणाऱ्या कंपायलरनं लाल अक्षरं फेकली.

"घे. मशीन बी शिव्या द्यायलंय."

मी वाचलं आणि गारच पडले. चौथ्या ओळीत, माझ्या तीन खणांखाली बरोबर रेघ. इंग्रजीत लिहिलेलं: हा सी भाषेतला लूप, इथं चालत नाही, शून्यापासून नऊपर्यंत मोजायचं असेल तर असं लिहा. खाली माझेच आकडे घालून नवी ओळ तयार!

"तौसीफभाई, मी कुठून आले ते याला ठावं हाय."

"कुनाला?"

"ज्यानं कंपायलरमधी हे लिहून ठेवलं त्याला."

कुठल्या तरी मुलखातल्या त्या माणसानं आधीच ओळखलं होतं, जुन्या भाषेतलं कुणी येईल, नेमकं इथं ठेचाळेल. आणि त्याच्यासाठी वाट दाखवून गेला. तौसीफभाईंनी चष्मा पुसला, परत वाचलं.

"लई मोठ्या दिलाचा मानूस असंल. चालव आता."

ओळ बदलली. शून्य ते नऊ, आकडे सरसर खाली उतरले.

साहेब, तुमच्या मशीननंही माझा पेपर याच कंपायलरवर तपासला, परीक्षेच्या सूचनांत तसं लिहिलंय. मग ही ओळ तिथंही उमटली असणार. तुम्ही ती झाकली, वर 'अपात्र' चिकटवलं.

ती कुणाच्या हुकमानं झाकली? मला तिसऱ्यांदा बसू देणार का न्हाई? सोमवारच्या आत लेखी सांगा.