अकरा ओले रविवार

आमच्या विभागात खोल्यांच्या किल्ल्यांची वही माझ्याकडे असते. कोणी कुठली खोली किती वाजता उघडली, किती वाजता बंद केली, आणि सही. रविवारी ती गेटवर पहारेकऱ्याकडे जाते, सोमवारी सकाळी परत माझ्या टेबलावर. माणसं तोंडाने वाटेल ते सांगतात. मी वही सांगते ते धरून चालते. कोणाचं कोणाशी जमतंय, कोणाचं फिसकटलंय आणि कोण नुसता पंख्याखाली झोपायला येतो, हे सव्वीस वर्षांत मला वहीनेच आधी सांगितलेलं आहे.

म्हणून बुधवारी ती पोरगी मार्गदर्शक बदलायचा अर्ज घेऊन आली, तेव्हा मी अर्जाआधी वहीकडे बघितलं.

पोरगी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. विषय शेवाळ. चौदा नंबरच्या खोलीत काचेच्या साठ बशा, प्रत्येकीत हिरव्या मखमलीसारखा तुकडा, आणि ही सोमवार ते शनिवार त्यांच्यासमोर. पाणी फवारायचं, वजन घ्यायचं, लिहायचं. तिचे सर विद्वान, पण शब्द इतके जपून वापरतात, की जणू संपले तर नवे मिळायचे नाहीत. पोरं त्यांना मागून ‘म्यूट’ म्हणतात. दोघांची भेट महिन्यातून एकदा, नऊ मिनिटं. सरांचं दार माझ्या टेबलासमोरच आहे, त्यामुळे मिनिटं मी मोजलेली.

“कारण काय लिहिलंस?” मी चष्मा शोधत विचारलं.

“वाचा ना, काकू.”

‘मार्गदर्शक माझ्या कामात अजिबात लक्ष घालत नाहीत.’ अजिबातखाली रेघ.

“तीन आठवडे झाले प्रबंधाचं प्रकरण देऊन,” ती म्हणाली. “एक शब्द नाही! जिन्यात दिसले की वळून दुसऱ्या जिन्याने जातात. नाही आवडलं तर तोंडावर सांगा की. पुढच्या महिन्यात समिती आहे, मी कोणाच्या भरवशावर उभी राहू?” नाक लाल झालं होतं. हा अर्ज तिने हौसेने लिहिलेला नव्हता.

“आहे कशावर ते प्रकरण?”

“रविवारवर.” तिने नाक पुसलं. “शनिवारी संध्याकाळी पाणी देते, ते थेट सोमवारी. मध्ये टिपूस नाही. सगळे म्हणतात सुकायला हवं. माझं सुकलंच नाही, काकू! असं कोणालाच सापडलेलं नाही. आणि सरांना त्याचं काहीच नाही.”

मला शेवाळातलं काही कळत नाही. पण एका माणसावर अन्याय होतोय आणि पुरावा माझ्या टेबलावर पडलाय, एवढं कळलं. मी वही तिच्यासमोर फिरवली.

“लक्ष घालत नाहीत म्हणतेस? हे बघ. रविवार, खोली चौदा, दहा ते दहा पंचवीस, सही सरांची. हा पुढचा. हा त्याच्या पुढचा. ओळीने अकरा! पहारेकऱ्याला विचार, हातात फवाऱ्याची बाटली असते. अगं, सुट्टीच्या दिवशी येऊन तुझ्या बशांना पाणी घालतो तो माणूस!”

मला वाटलं, आता पोरगी विरघळणार. पोरगी पांढरीफटक पडली.

“पाणी?” ती म्हणाली. “रविवारी?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जीभ चावली, पण ती आधी चावायला हवी होती.

वही उचलून ती तरातरा सरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग, वही मी नजरेआड होऊ देत नाही.

सरांनी आधी वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. सबब सांगितली नाही. खणातून तिचं प्रकरण काढून पुढे ठेवलं. पहिल्या पानाचा समास पेन्सिलने लिहून खोडून, लिहून खोडून इतका पातळ झाला होता, की खालचं पान दिसत होतं.

“तीन आठवडे एकच वाक्य लिहितोय,” ते म्हणाले. “‘हा दोष माझा आहे.’ पुढचं सुचत नाही.”

“पण घातलंत का पाणी?”

“मी रविवारी वाचायला येतो. तू बशा लावल्यास त्याच आठवड्यात दारातून बघितलं, कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. तुला सांगितलं असतं, तर तू रविवारीही आली असतीस. सहा दिवस राबतेस. म्हटलं, एक दिवस झोपू दे पोरीला.” एवढं सलग बोलताना त्यांना मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. “तू त्या बिनपाण्याच्या रविवारवरच संशोधन करतेयस, हे प्रकरण वाचल्यावर कळलं. त्या दिवसापासून बाटलीला हात लावलेला नाही.”

“विचारायचं तरी, सर! एकदा!”

“हो,” सर म्हणाले. “माझे गाइड रोज विचारायचे. काय झालं, किती झालं, का नाही झालं. मला घाम फुटायचा. मी ठरवलं होतं, आपण कोणाला तसं करायचं नाही.”

ती बसली. मांडीवरच्या वहीत बोट फिरवत राहिली. मग बोट थांबलं.

“गेले तीन रविवार तुम्ही आला नाहीत.”

“नाही.”

“गेले तीन सोमवार माझ्या बशा तपकिरी आहेत. मला वाटलं, माझाच हात बिघडला.” तिने मान वर केली. “अकरा ओले, तीन कोरडे. किती पाणी घालत होता?”

“बशीला दहा फवारे.”

“मोजून?”

“मोजूनच,” सर जरा दुखावल्यासारखे म्हणाले.

ती एकदम हसली. हसता हसता रडलीही, दोन्ही एकाच रुमालात. “मग अजून आठ कोरडे रविवार लागतील. तुम्हीही यायचं. हात मागे बांधून बसायचं.”

“येतो. आणि समितीला हे मी सांगतो. उभा राहून.”

परवाच्या सोमवारी वही आली. खोली चौदा, दहा ते साडेबारा, सह्या दोन. पहारेकरी म्हणाला, “काकू, शेवाळ बिचारं सुकतंय आणि हे दोघं समोर खुर्च्या टाकून बसलेत. सरांचे हात खरंच मागे. पण बोलत होते हो! सरच!”

“काय बोलत होते?”

“तिला विचारत होते, तुला मी कसं विचारलेलं चालेल.”

अर्ज माझ्या खणात आहे. तिने परत मागितला नाही, मी पुढे पाठवला नाही. कोरडे रविवार अजून सात बाकी आहेत.