आरती अर्ध्यावर थांबली

मित्रांनो, मी सागाचा एक दरवाजा आहे आणि आता माझे वय झाले आहे. तोरणमाळच्या उतारावर मी झाड म्हणून वाढलो. तिथून तापीकाठच्या एका गावात आलो आणि धुडकू सुताराच्या रंध्याखाली दरवाजा झालो. काम संपल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हाई दार नातूपंतूसले पुरी." नातवंडा-पतवंडांना पुरेन, या शब्दांनी मला फार बरे वाटले होते.

सुरुवातीची कितीतरी वर्षे मी कापसाच्या वखारीचे दार होतो. वखार वत्सलाबाईंच्या घरची. घरची केळी होती, ऊस होता, माणसांचा राबता होता. पुढे त्यांचे यजमान आजारी पडले. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे शेवटच्या दिवसांत वत्सलाबाईंना त्यांच्याजवळ बसू दिले नाही. काचेबाहेर उभ्या असतानाच सारे संपले. गावी परतल्यावर त्यांनी वखार रिकामी केली, गुरूंची तसबीर ठेवली, दिवा लावला आणि सांगितले, "आतेपासून देवनं नाव हाईच औषध."

अशी वखार सत्संगघर झाली. पहिल्या दिवशी भजन सुरू झाले तेव्हा मी थक्क झालो. कापसाच्या गासड्या कधी गात नाहीत! माणसांचे आवाज माझ्या लाकडात शिरले आणि कितीतरी वेळ आत घुमत राहिले.

हळूहळू डोंगराकडची माणसेही येऊ लागली. ऊसतोडीला जाताना ती आपली मुले वत्सलाबाईंपाशी ठेवून जात. बाई त्यांना न्हाऊमाखू घालत, शाळेत पाठवत, मांडीवर निजवत. मुले त्यांना 'माय' म्हणत. त्यांत तळोद्याकडच्या फुलसिंगची कामिनी होती, तेरा वर्षांची. तिचा गळा गोड होता. पण अधूनमधून तिचे हातपाय असे दुखत, की ती माझ्यामागच्या कोपऱ्यात जाऊन ओढणी दाताखाली धरी. माय तिच्या कपाळाला अंगारा लावी आणि रात्रभर जप करी. मायेत काही खोट नव्हती. दुखणे मात्र हटत नव्हते.

गावात कुजबुज सुरू झाली. मुले कोंडून ठेवतात, उपाशी ठेवतात, काहीबाही. कोणीतरी तक्रार केली आणि एके दुपारी भर भजनात पोलिसांच्या जीपगाड्या आल्या. कोणी हाक मारली नाही, कोणी कडी वाजवली नाही. माझ्यावर लाथा बसल्या. बिजागऱ्या उखडल्या आणि मी तिरका होऊन भिंतीवर आदळलो. बूट सतरंजीवर चढले. तसबीर 'जप्त' म्हणून गाडीत पडली. मुलांना रांगेत उभे करून सगळ्यांदेखत विचारले गेले, "तुम्हाला इथं मारतात का? बोला!" मुले रडू लागली. कामिनी भजनाच्या पेटीमागे अंग चोरून बसली होती. जिला खरोखर मदत हवी होती, ती कोणाला दिसलीच नाही.

त्या दिवसानंतर भीती आमच्या घरात मुक्कामाला आली. वत्सलाबाईंचा पुतण्या हेमराज याने मला नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि आतून लोखंडी आडणा लावला. "आते कोनी मझार येवाव नई," तो म्हणाला.

प्रकरण कोर्टात गेले. कोर्टाने सांगितले, की प्रार्थना हा या लोकांचा घटनेने दिलेला हक्क आहे. अशी मोडतोड करून कोणी आत शिरू नये. तसबीर परत करा. त्याच निकालात पुढे असेही होते, की मुलांची सुरक्षितता पाहणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ते महिला अधिकाऱ्यांनी विचारून, सांभाळून पार पाडावे, आणि जीवावर बेतले तर वाट पाहू नये. दोन्ही बाजूंना वाटले, आपणच जिंकलो. हेमराजने पेढे वाटले. कामिनीने पेढा हातात घेतला, पण बोटे दुखत होती, तो गळून पडला.

आणि मग तो दिवस उजाडला, मित्रांनो.

सकाळची आरती सुरू होती. नाल्यापलीकडे चिखल असल्याने गाड्या तिथेच थांबल्या आणि माणसे चालत आली. पुढे स्वप्नाली मॅडम, नंदुरबारच्या बाल संरक्षण अधिकारी, मूळच्या धानोऱ्याच्या. सोबत एक नर्सबाई, साध्या साडीतल्या दोन महिला पोलीस आणि मागे एक इन्स्पेक्टर. मॅडमनी चपला ओट्याखाली काढल्या आणि पायरीवर बसल्या.

"मॅडम, मुलांच्या तपासणीचा आदेश हातात आहे. दार उघडायला लावा," इन्स्पेक्टर म्हणाले.

"आरती चालू आहे, साहेब. संपू द्या."

तेवढ्यात आतून एक कण्हणे आले. कामिनी माझ्या अगदी पाठीशी पडली होती. टाळांच्या गजरात ते आतल्यांना ऐकू गेले नसेल, पण मॅडमनी मान वळवली. उठून त्यांनी माझ्या लाकडाला कान लावला. त्यांचा श्वास मला जाणवला. मग त्यांनी कडी वाजवली.

"कोन शे?" हेमराजने आडण्याला पाठ लावली होती.

"मी स्वप्नाली, धानोरानी. भाऊ, मझार एक पोर कण्ही ऱ्हायनी."

"आरती चालू शे. नंतर या."

"आरतीकरता मी थांबसू, भाऊ. तिनं दुखनं थांबाव नई."

इन्स्पेक्टरनी पाय उचलला. मी डोळे मिटले, म्हणजे दरवाजाला जेवढे मिटता येतात तेवढे. पण मॅडम मधे आल्या.

"आता कायद्यानं तोडता येतं, मॅडम!"

"येतं ना. म्हणूनच आणखी एकदा विचारते." आणि त्यांनी हाक दिली, "वत्सलामाय, तुमनी पोरनं ऐका!"

आत वत्सलाबाईंची टाळी थांबली. एक टाळ थांबला, मग दुसरा, मग पेटी. माझ्या इतक्या वर्षांत आरती कधी अर्ध्यावर थांबली नव्हती. त्या शांततेत सगळ्या घराने कामिनीचे कण्हणे पहिल्यांदा ऐकले.

"हेमराज, दार उघाड."

"काकू, कोर्टनी सांगेल शे..."

"कोर्टनी त्यासले इचारीसन येवाले सांगं. त्यासनी इचारं. आते आपली पाळी शे."

आडणा निघाला आणि मी उघडलो.

मॅडम अनवाणी आत आल्या. दिव्याला हात जोडून त्या कामिनीजवळ बसल्या आणि बाकीच्यांना थोडे लांब सरायला सांगितले. "काय व्हस, बेटा?"

"मन्हं अंग भलतं दुखस," ती पुटपुटली. "कोनले सांगू नका. मन्हा भाव कमी पडना व्हई."

शब्द हळू होते, पण वत्सलाबाईंच्या कानी गेले. एवढेसे पोर आपल्या दुखण्याचा दोष आपल्याच भक्तीला देत होते! त्या मॅडमना म्हणाल्या, "तुम्ही तिले लई जाशात. माले बाहेर उभं करशात. मन्हा मालकना टाइमले तसंच व्हयनं."

"नई, माय. तुम्ही तिना उशाजोडे बसा. गाडीमा बी, दवाखानामा बी. दवा चालू ऱ्हाई, तुमनं नाव बी चालू ऱ्हाई."

नर्सबाईंनी तपासले आणि घाई करायला सांगितली. पण उचलायचे कसे? हात लावला की कामिनी किंचाळे. झोळीत अंग मुडपत होते. सत्संगघरात सगळे जमिनीवर झोपत, खाट नव्हती. हेमराजने इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. हातोडी घेऊन त्याने स्वतःच बसवलेल्या बिजागऱ्यांच्या खिट्ट्या स्वतःच काढल्या.

मला आडवे करून सतरंजी अंथरली आणि अलगद कामिनीला माझ्यावर सरकवले. हेमराजसोबत भजनातले दोघे आले, पण उचलायला चौथा माणूस हवा होता. इन्स्पेक्टर पुढे आले आणि त्यांनी हेमराजच्या शेजारचा कोपरा खांद्यावर घेतला. दोघे पावले जुळवत चालले. वत्सलाबाईंचा हात मुलीच्या कपाळावर होता. चिखल तुडवत आम्ही केळीच्या बागेकडेने निघालो आणि मागून बायकांनी, जिथे थांबली होती तिथूनच, आरती उचलली. आयुष्यभर मी एका जागी उभा होतो. त्या सकाळी गाणे, कायदा आणि एक आजारी पोर, तिन्ही माझ्यावर आणि माझ्याभोवती चालत होती. एवढे मोठे काही मी कधी पाहिले नव्हते.

नाल्यापलीकडे तिला गाडीत निजवले आणि मी परत येऊन माझ्या चौकटीत बसलो. नंदुरबारच्या दवाखान्यात कळले, की कामिनीला सिकलसेल हा रक्ताचा, जन्मापासूनचा आजार आहे. तो पुरता जात नाही, पण औषधाने आवरता येतो. वत्सलाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, कोणी त्यांना उठवले नाही. मॅडमनी पुढे एकेका मुलाशी वेगळे, निवांत बोलून घेतले. काहींना आईबापांकडे जायचे होते, ती गेली. काहींना राहायचे होते, ती आईबापांच्या संमतीने राहिली. आता नर्सबाई नेमाने येतात. कामिनी तळोद्याच्या वसतिगृहात शिकते आणि सुट्टीत येऊन भजनाची पेटी वाजवते. वत्सलाबाई स्वतःच्या गुडघ्यांसाठी मात्र अजून गोळी घेत नाहीत. कामिनी रागावते, माय हसते. मोठ्या माणसाचा तो स्वतःचा निर्णय आहे, लेकरावर लादलेला नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी कराल तर बरेच वाटेल, पण खरी विनवणी वेगळी आहे. कधी माझ्याबाहेर उभे असाल तर आधी विचारा, कारण आत कोणाचा तरी देव असतो. आणि कधी माझ्याआत असाल, गाण्यात रंगून गेला असाल, तरी मधूनच क्षणभर थांबून कान द्या. कोपऱ्यात कोणी दाताखाली ओढणी धरून बसले असेल. त्याच्यासाठी मला उघडा. पुढचे कडवे परत येऊन म्हणता येते.