रिकाम्या जागेतली शिडी

माझी शिडी जप्त झाली तेव्हा मी तिच्यावरच होतो, नाट्यगृहाची पाटी रंगवत. शुक्रवारपर्यंत पाटी पुरी झाली नाही, तर काम दुसऱ्या रंगाऱ्याला जाणार होतं. निरीक्षकाने खालून शिडी इतक्या सफाईने ओढली, की पाऊण तास मी पाटीच्या कडेला लोंबकळत होतो. तेवढ्यात ब्रश दातात धरून एक वेलांटी काढली. खोटं वाटत असेल तर बघून या, अजून वाकडी आहे.

गुन्हा काय? शिडीला अकरा पायऱ्या, नियमात नऊ.

कायदा सभागृहाने एका ओळीत उरकला होता: शिडी सुरक्षित असावी, बाकी खात्याने ठरवावं. खात्याने नियम केला आणि पायऱ्यांच्या आकड्याची जागा रिकामी सोडली. ती कचेरीने भरावी. कचेरीने ती कारकुनाकडे ढकलली. कारकून कोण? माझा सख्खा मेहुणा! त्याने घरी जाऊन माळ्याची शिडी मोजली. नऊ.

"गाढवा, बहिणीच्याच पोटावर पाय दिलास!" मी त्याच्या टेबलावर हात आपटला.

"दाजी, हरकतींसाठी महिनाभर नोटीस लावली होती की."

"कुठे?"

त्याने छताकडे बोट दाखवलं. नुसती वाचायलाच बारा पायऱ्या लागल्या असत्या.

"पण सोय बघा ना. आकडा कायद्यात असता, तर सभागृहाने बदलेपर्यंत तुमचे दात पडले असते. मी चहाच्या आत बदलतो."

आणि खरंच बदलला! नऊचे अकरा, वर शिक्का. आयुष्यात पहिल्यांदा मला मेहुण्याचं कौतुक वाटलं.

धावत जप्तीच्या गोदामात गेलो. निरीक्षक हातात करवत घेऊन घाम पुसत होता. "खास तुमच्यासाठी! दोन पायऱ्या कापून शिडी नियमात बसवली."

पुन्हा कचेरी. "नुसते नऊ केलेस, तर तोवर तो दोन पायऱ्या परत ठोकेल. नऊ ते अकरा लिही रे बाबा!"

"जागा एकाच आकड्याची आहे, दाजी. दोन लिहायचे तर कचेरी खात्याला विचारणार, खातं सभागृहाला..."

शेवटी नाट्यगृहवाल्याच्या हातापाया पडून पाटीच खाली घेतली आणि जमिनीवर उभं राहून रंगवली. काम वाचलं. पण पाटी पुन्हा वर चढवायला शिडी कुठली? पाटी तिथेच आहे, प्रेक्षकांच्या कपाळाच्या उंचीवर.

काल मेहुणा टेप घेऊन दारात. "दाजी, पाट्यांच्या उंचीचा नियम आलाय. आकडा भरायचाय. तुमची पाटी मोजू?"

"आधी ती छताजवळची नोटीस खाली लाव!"

"लावतो की," तो म्हणाला. "शिडी आहे का?"