जुन्या कुंपणाची राख

न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्यातलं ते घर घेतलं तेव्हा त्यात हीटर नव्हता, लाकडाचा बर्नर होता. काचेच्या दाराची एक लोखंडी पेटी आणि छपरातून वर गेलेलं धुराडं. लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न मधुकरने इंजिनिअरच्या शिस्तीने सोडवला. मागचं कुंपण पडायला आलंच होतं. ते त्याने पूर्ण पाडलं आणि करवतीने हातभर तुकडे केले.

"आतून हिरवट आहे रे हे," त्याची बायको नीलिमा म्हणाली.

"शेवाळ गं. चाळीस वर्षं पावसात उभं आहे."

नीलिमा फार्मसीत काम करायची, त्यामुळे लाकडातलं मधुकरला जास्त कळतं हे घरात गृहीत होतं.

जूनमध्ये, तिथल्या ऐन थंडीत, सांगलीहून त्याची आई, आशालताबाई, सहा महिन्यांसाठी आल्या. या घरात कपडे मशीन धुवायचं, भांडी मशीन धुवायचं आणि सात वर्षांची नात वल्लरी मराठीतल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. आठवडाभर आशालताबाई पाहुण्यासारख्या सोफ्यावर बसून राहिल्या. मग बर्नरखालचा राखेचा ट्रे त्यांच्या नजरेला पडला.

त्या दिवसापासून डिशवॉशर रिकामा पडला. बाई राख फडक्यातून चाळून जॅमच्या बरणीत भरायच्या आणि कढया अशा घासायच्या की वल्लरी त्यांत तोंड बघून केस विंचरायची. मधुकरने कढईचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान' असं खाली लिहिलं. सेहेचाळीस अंगठे आले.

ऑगस्टमध्ये धुराडं साफ करायला हेमी आला. "किया ओरा," असा माओरीत नमस्कार केला, बूट दाराशी काढले, ब्रश जोडायला घेतले आणि भिंतीशी रचलेला ढीग पाहून थांबला. एक तुकडा उचलून त्याने कापलेली बाजू उजेडात धरली.

"हे जाळताय?"

"हो. मस्त पेटतं."

"पेटणारच. कुंपणाचं लाकूड आहे हे, मित्रा. कुजू नये म्हणून यात तांबं आणि आर्सेनिक मुरवतात, हा हिरवट रंग त्याचाच." हेमीने तुकडा जपून खाली ठेवला आणि हात पँटला पुसले. "धूर वाईट. राख त्याहून वाईट, सगळं विष तिच्यात उतरतं. कुठे टाकता? भाजीच्या वाफ्यात तर नाही ना?"

"वाफ्यात नाही," मधुकर म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं. स्वयंपाकघरातून कढई घासल्याचा आवाज येत होता.

त्याने आत जाऊन आईच्या हातातली कढई काढून घेतली. तिचे हात साबणाने धुतले. बाई बघतच राहिल्या. पोराने आपले हात धुण्याची ही पहिलीच वेळ. मग त्याने विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, राख कुणाच्या पोटात गेली आहे का.

"नाही, नाही. फक्त भांडी घासली."

"काय विचारतेय ती?" आशालताबाई म्हणाल्या.

"तू राख खाल्लीस का म्हणून."

"खाईन कशाला? दात घासते." त्या जरा दुखावल्याच. "मीठ घालून. आल्यापासून. तुमच्या त्या पेस्टने तोंड पोळतं."

मधुकरने ते फोनवर इंग्रजीत सांगितलं.

"मी टू, बाबा," टेबलाशी चित्र रंगवणारी वल्लरी म्हणाली. "एव्हरी डे. हीप्स ऑफ इट."

फोनवरची बाई म्हणाली की दोघींना लगेच हॉस्पिटलमध्ये आणा, बरणीही आणा. त्या वेळी नीलिमा कामावर होती. मधुकरने गाडीतून तिला फोन केला. आर्सेनिक हा शब्द ऐकून ती एवढंच म्हणाली, "कुठल्या हॉस्पिटलात?" आणि तिने फोन ठेवला.

हॉस्पिटलात दोघींच्या लघवीचे नमुने घेतले. डॉक्टर तरुण होती. निकाल चार दिवसांनी येईल, म्हणाली. अंगावर काही लक्षणं दिसत नाहीत, राख थांबवली की बरंचसं बाहेर पडतं, पण किती गेलंय ते कळल्याशिवाय शब्द देत नाही. मग तिने बरणी उजेडात धरली आणि विचारलं, मुलीला हे कुणी दिलं?

नीलिमा नुकतीच पोचली होती, दारातच उभी होती.

आशालताबाईंना प्रश्नातलं इंग्रजी कळलं नव्हतं, डॉक्टरचा चेहरा कळला होता. "सांग तिला, मीच दिली," त्या मधुकरला म्हणाल्या. "नातीला चिमूटभर मीच द्यायची. तुम्हा दोघांना ठाऊकसुद्धा नव्हतं. सांग."

ते भाषांतर अगदी सोपं होतं. शिवाय शब्दाला शब्द बरोबर. डॉक्टरने तेवढंच लिहून घेतलं असतं आणि फाइल बंद झाली असती. मधुकरने घसा साफ केला. पलंगावर बसलेली वल्लरी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारी ती, नीलिमा आणि तो, अशी तीनच माणसं होती.

"लाकूड मी जाळलं," तो इंग्रजीत म्हणाला. "हिरवट आहे, असं बायकोने सांगितलं होतं. मी शेवाळ म्हणालो."

डॉक्टर लिहायला लागली. नीलिमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सासूच्या शेजारी जाऊन बसली, त्यांचे हात हातात घेतले आणि नखांच्या कडेची राख ओल्या रुमालाने पुसू लागली, एकेक बोट करत.

"काय म्हणाला हा?" आशालताबाईंनी तिला विचारलं.