सातवं वळण

प्रफुलने रॅमची पट्टी शाळेतल्या खोडरबराने घासली, फुंकर मारली आणि परत खाचेत दाबून बसवली. कॅबिनेटचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आतून त्याने आत्तापर्यंत दोन वाट्या धूळ, पालीची तीन अंडी आणि एका अनोळखी माणसाचा पासपोर्ट फोटो काढला होता. फोटो कुणाचा, हे शिपाई मुखरूलाही सांगता आलं नाही. मुखरूने तो जपून खिशात ठेवला.

"झालं?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"पाहू."

कॉम्प्युटर सुरू झाला. आरमोरीत राइस मिलच्या मागच्या त्या हॉलमध्ये पारा चव्वेचाळीसवर होता, आणि पडद्यावर बर्फ पडायला लागला.

खेळ वीस वर्षांपूर्वीचा होता. परदेशातला कुठलातरी ट्रक, कुठलातरी घाट. टेबलाला प्लास्टिकचं स्टिअरिंग आवळलेलं, खाली दोन पेडल. चालक प्रशिक्षण केंद्राच्या माहितीपत्रकात याला 'अत्याधुनिक सिम्युलेटर' म्हटलं होतं. डोंगरावरच्या खाणीत डंपर चालवायचा, तर आधी इथे बर्फातला घाट उतरावा लागे, तोही रस्त्याच्या उजव्या बाजूने, कारण त्या देशात तशी पद्धत होती. घाट पूर्ण उतरला की खेळ स्वतःच गुण देई, प्रिंटर कागद काढे, आणि कागद निघाला तरच नाव खाणीच्या यादीत चढे. प्रत्येकाला तीन संधी. तिसरी गेली की नाव कायमचं बाद.

बुधरीच्या दोन गेल्या होत्या. दोन्ही वेळा सातव्या वळणावर मशीन हँग झालं. ट्रक जागच्या जागी, बर्फ हवेतल्या हवेत, आणि इंजिनाचा एकच सूर, लांबच लांब. कागद निघाला नाही.

ती आता भिंतीशी खुर्चीवर बसली होती. पायाशी कपड्यांची पिशवी आणि गुंडाळलेली चटई. गावच्या बचत गटाचा ट्रॅक्टर तिने चार वर्षं चालवला होता. तीन वाजता खाणीची जीप निघणार होती.

"सगळ्या गावाले सांगून आली," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "कोंबडी बी कापली लोकाइनं."

दीड वाजला होता. प्रफुलने स्वतः घाट उतरून पाहिला. एकदा, दोनदा, पाच वेळा. काही अडकलं नाही. त्याने प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, टेबलफॅन कॅबिनेटच्या तोंडाशी लावला, मीटर लावून व्होल्टेज पाहिलं. सगळं ठीक होतं. हेच त्याला आवडलं नाही.

"बाई, आता तुमी बसा. हे मोजाचं नाई, दुरुस्तीचं हाय."

बुधरी बसली. चपला काढून पेडलवर पाय ठेवले. सहा वळणं तिने अशी उतरवली की प्रफुलला आपल्या पाच फेऱ्यांची लाज वाटली. सातव्यावर पडदा थांबला.

"तू काही दाबून राह्यली काय?" हेमराजभाऊंनी विचारलं.

"दाबून राह्यली ना. ब्रेक."

"बांगड्याइनं होते," मुखरू दारातून म्हणाला. "लोखंडानं मशीन बिघडते."

"काचेच्या हायेत."

"मंग काचेनं होत असन."

बुधरीने बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या. चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रफुलनेही अडवलं नाही, कारण त्या खोलीत यापेक्षा चांगली कल्पना कुणाजवळ नव्हती. ती पुन्हा उतरली. सातव्या वळणावर पडदा पुन्हा थांबला.

हेमराजभाऊ खिडकीशी गेले. एसटीत एकतीस वर्षं त्यांनी घाटाच्या गाड्या चालवल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर इथे शिकवायला लागले होते.

"या मशीनीचं मले काही समजूनच नाई राह्यलं," ते म्हणाले. "चांगले पोरं सगळे नापास. पुढं बसून लिहून घेणारे. आन मागच्या बाकावर झोपणारे नऊ जण पास. सोमवारी गेले बी खाणीवर."

प्रफुल हे ऐकत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. आत्तापर्यंत तो पडद्याकडे बघत आला होता.

"बाई, अजून एक डाव."

या वेळी त्याने पडद्याकडे पाठ केली आणि तिच्या हातांकडे बघत उभा राहिला. हात शांत होते. पाचवं वळण, सहावं. दर वळणाआधी तिचा उजवा अंगठा स्टिअरिंगवरच्या लाल बटणावर जाऊन येई; सातव्याआधीही तसाच गेला. मागे इंजिनाचा सूर लांबला.

"हे काय केलं?"

"हॉर्न मारला."

"काऊन?"

बुधरीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू माणूस शहरातून आलाय, त्याला सावकाश सांगावं लागेल. "वळण हाय. पलीकडचं दिसत नाई."

"पलीकडं कोनी नाई, बाई. गेम हाय."

"ते मले इकडून कसं दिसन?"

प्रफुल तिच्या जागी बसला. सरळ रस्त्यावर हॉर्न मारला, वाजला. सातव्या वळणावर मारला, मशीन थांबलं. तिथे डोंगरावरून वारा सुटायचा. इंजिन, ब्रेक, वारा आणि वर हॉर्न, असे चार आवाज एकाच वेळी, आणि त्या म्हाताऱ्या साऊंडकार्डाला तीनच झेपत होते. त्याने सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा कमी केला. हँग. आवाज पार बंद करून टाकला, तर खेळ सुरूच होईना. नवं कार्ड नागपूरला मिळालं असतं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्याने हेमराजभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि घातलाच नाही. त्यांच्या वर्गाचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य होतं, वळण आलं की हॉर्न. पोरांकडून ते तीनदा मोठ्याने म्हणवून घेत.

"प्रफुलभाऊनंच उतरवून देलं तं?" मुखरू म्हणाला. "कागद तं तिच्याच नावानं निघन."

"मंग खाणीत बी हेच बसतीन काय माह्या जागी?" बुधरी म्हणाली.

मुखरूने यावर विचार केला आणि तो पाणी आणायला गेला.

हेमराजभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले. "बाई," ते कॅलेंडरलाच म्हणाले, "आज एवढा डाव हॉर्न नको मारू."

"तुमीच सांगतलं होतं..."

"मीच सांगून राह्यलो."

दोन चाळीसला तिसरी संधी सुरू झाली. हेमराजभाऊंनी वहीत वेळ लिहिली. बुधरीने अंगठा मुठीत घातला, पण तशी मूठ स्टिअरिंगवर बसेना, म्हणून पुन्हा काढला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला अंगठा हलला आणि थांबला. तिसऱ्याला पुन्हा. मुखरू पाण्याचा गंज हातात घेऊन तसाच उभा राहिला. पाच. सहा. तिच्या कानामागून घामाचा ओघळ उतरला, तो पुसायलाही हात सुटला नाही.

वारा सुटल्याचा आवाज आला. अंगठा लाल बटणावर गेला. प्रफुलने डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. अंगठा बटणावर टेकला, आणि मागे आला.

मग बुधरी पडद्याच्या दिशेने वाकली आणि धानाच्या दोन बांध्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"ओ... गाडी येऊन राह्यली, बाजूले व्हा!"

मुखरू बाजूला झाला. खरंच झाला, गंजातलं पाणी सांडलं. राइस मिलमधले हमाल पोती खांद्यावर घेऊन खिडकीशी आले. ट्रक वळला. पलीकडे रस्ता मोकळा होता, आणि बर्फ पडत होता.

आठवं वळण ओरडून गेलं, नववं ओरडून गेलं. खाली सपाट रस्ता लागल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि मगच हात सोडले.

प्रिंटरने कुरकुर करत कागद काढला. एकाहत्तर गुण. मुखरू हसायला लागला, मग हेमराजभाऊ हसत नाहीत हे बघून थांबला.

ते कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होते. वर गुण, त्याखाली वेग, ब्रेक, धडका. अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, हॉर्न किती वेळा, त्याची. तिथे शून्य होतं. आजवर ते वरचा आकडा बघत आणि शिक्का मारत. तळापर्यंत ते कधी गेलेच नव्हते.

त्यांनी बुधरीच्या कागदावर शिक्का मारला. मग कपाट उघडून सोमवारची फाईल काढली. पहिला कागद, बोट तळाशी. दुसरा कागद, बोट तळाशी. प्रफुलने नऊ वेळा ते बोट एकाच जागी थांबताना पाहिलं.

अंगणात जीप सुरू झाली. बुधरी पिशवी आणि चटई घेऊन मागे चढली. ती नीट बसते न बसते तोच हेमराजभाऊ फाईल काखेत मारून पुढे ड्रायव्हरशेजारी येऊन बसले.

"भाऊ, तुमी कुठी?" तिने विचारलं.

त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "वरच्या रस्त्याले वळणं किती हायेत?"

"सतरा."

"आन हे नवे पोरं? शिकून राह्यले असतीन अजून."

"कशाचं शिकते, भाऊ. मंगळवारीच डंपर देले. चारले त्याइची पाळी सुरू होते."

हेमराजभाऊंनी फाईल मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"जरा लवकर घे," ते म्हणाले.

जीप फाटकातून बाहेर पडली, मिलच्या भिंतीकडे वळायला लागली.

"नाई," ते म्हणाले. "सावकाशच घे."