रकाना नववा: गर्भ किती आठवड्यांचा

रकाना १. रुग्णाचे नाव.

भागोजी. वय एकसष्ट, मिशी पांढरी. सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप आणि चावी गणराज क्लार्कच्या खिशात. काशीचं सगळं लक्ष घड्याळाकडे. साडेदहा.

अकराला वॉर्डातले डॉक्टर तिच्या नवऱ्याच्या छातीत सुई घालून पाणी काढणार होते. पण एक्सरे बघून सोनोग्राफीच्या मृणाल डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे पाणी नसून जंताची गाठ असली, तर सुईने फुटेल. माणूस जागच्या जागी जाईल. गाठ बरगड्यांना टेकलीय, सोनोग्राफीत दिसेल." वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट आला तर थांबतो. नाहीतर अकराला सुई."

रकाना २. पतीचे नाव.

"ह्यांना कसला पती?" काशी म्हणाली. "हे सोताच पती हायेत. माझे."

"मावशी, लाल चांदणी आहे. रकाना रिकामा सोडला की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही."

गणराज माणूस वाईट नव्हता. गेल्या साली गर्भलिंग कायद्याच्या तपासणीत एका गरोदर बाईचा फॉर्म सापडला नाही, तेव्हा त्याला नोटीस आली. दुधाने तोंड पोळलेला गणराज तेव्हापासून ताकच काय, पाणीही फुंकून पीत होता. मशीनखाली जाईल तो गरोदर, असा त्याने स्वतःपुरता कायदा केला. मूतखड्याचे दोन पुरुष आधीच त्यात बसले होते.

"मग माझं नाव घाल," काशी म्हणाली.

रकाना ५. हयात अपत्ये.

"दोन पोरी," भागोजी खोकत म्हणाला. "आनि शेरू. कुत्रा हाय. शेरडांमागं माझ्यासंगं फिरतो, माझ्याच ताटात जेवतो."

दारातल्या मृणालबाई वळल्या. "शेळ्या, कुत्रा आणि एकच ताट? हा जंत कुत्र्याकडूनच पोटात जातो. गणराज, चावी द्या."

"मॅडम, थोडेच रकाने राहिलेत."

रकाना ८. शेवटच्या पाळीची तारीख.

दहा पन्नास.

"माझीच टाक रे बाबा! बारा वर्सं झाली."

रकाना ९ कॉम्प्युटरने आपणहून भरला. सहाशे चोवीस आठवडे. त्याला काही वावगं वाटलं नाही.

रकाना १०. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे प्रतिज्ञापत्र.

भागोजीने सही ठोकली. "पोरगा असला तरी सांगू नका."

"काका, असं बोलणंसुद्धा गुन्हा आहे," म्हणत गणराजने भिंतीवरची पाटी दाखवली आणि खिशात हात घातला.

दहा सत्तावन्न.

बरगड्यांवर गार जेल पडताच भागोजी आक्रसला. पडद्यावर काळा वाटोळा गोळा. त्याला दोन बारीक रेघांची कड.

"दुहेरी पडदा. गाठच आहे," मृणालबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टर सुईचा ट्रे घेऊन आल्या.

"परत न्या. सुई लावायची नाही. मुंबईला पाठवू, ऑपरेशन करून न फोडता काढतील."

काशी होती तिथेच फरशीवर बसली.

रकाना १२. निष्कर्ष.

"मावशी, दोनच पर्याय आहेत," गणराज रडवेल्या आवाजात म्हणाला. "गर्भ सुस्थितीत. नाहीतर गर्भात दोष. काय टाकू?"

"सुई टळली, असा रकाना न्हाय?"

"नाही."

"मग तुझं तू बघ."

तिने मोबाइल काढून घरी थोरलीला लावला. "क्रांते, कपाटातली जुनी परात काढ. आजपास्नं शेरूचं ताट येगळं. व्हय, बाबा रागावतील. रागावू दे. रागवायला हायेत."