चक्कीच्या सावलीतली जागा

दीपमालाला पवनचक्क्या बघायचं वेड होतं. आठवडाभर तारनाक्याच्या रेल्वे ऑफिसात फायली उपसायच्या आणि रविवारी सिकंदराबादला सायकल गाडीत चढवून विकाराबादपलीकडचे माळ पालथे घालायचे, हा तिचा दोन वर्षांचा नेम.

त्या मार्चमध्ये ती एका नव्याच माळावर पोचली. झाड म्हणून नव्हतं. एक चक्की संथ फिरत होती आणि तिच्या खांबाच्या लांब, अरुंद सावलीत शेळ्या राखणाऱ्या आठ-दहा बायका एकामागे एक बसल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने सगळ्या एकदम उठल्या, सावलीबरोबर हातभर सरकल्या आणि पुन्हा बसल्या. मधली एक जागा मात्र त्यांनी रिकामीच ठेवली.

उन्हाने दीपमालाचा जीव हैराण झाला होता. सायकल आडवी टाकून ती त्या रिकाम्या जागेत जाऊन टेकली. शेजारच्या म्हातारीने पाण्याची बाटली पुढे केली.

"लई येळ लावलास, तारामती."

बोली मराठीच होती, बिदरकडची. दीपमालाने समजावलं, की मी हैदराबादची, माझं नाव दीपमाला. म्हातारीने शांतपणे मान हलवली आणि पोराचा ताप उतरल्याचं सांगितलं.

"बरं झालं," दीपमाला बोलून गेली.

ओळ सरकली की तीही सरकू लागली. खांबाची घुमघुम जमिनीतून अंगात भिनत होती. अर्धा तास झाला असेल म्हणून तिने घड्याळ पाहिलं, तर अडीच वाजले होते; ती बसली तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते. ती दचकून उठली. म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"मागल्या बारीलाबी आत्ता येते म्हणूनच गेलीस."

हात सोडवून दीपमालाने सायकल रस्त्याकडे हाणली. माळाच्या फाटकावरच्या चौकीदाराला तिने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की ती म्हातारी भागूबाई. तिची सून तारामती गेल्या वर्षी तापलेल्या पोरासाठी औषध आणायला सायकलवरून निघाली. सायकल पुढच्या चक्कीखाली सापडली, बाई सापडली नाही.

"त्या जागेवर कुणाला बसू देत नाहीत त्या," तो म्हणाला. "तुम्हाला कसं बसू दिलं?"

दीपमालाने माळाकडे पाहिलं. चारची गाडी होती, निघायलाच हवं होतं. पण मनगटावर म्हातारीची बोटं अजून जाणवत होती, आणि इथून ओळीतली ती मोकळी जागा स्पष्ट दिसत होती. तिने सायकल मागे वळवली.

बायकांनी वळूनही पाहिलं नाही. ती गुपचूप बसली.

"पोरगं जेवलं का?" तिने विचारलं.

भागूबाई मग सांगतच राहिली. काय खाल्लं, काय टाकलं, शाळेत कुणाशी भांडलं. दीपमाला ऐकत होती. सावली आता माळाच्या टोकापर्यंत लांबली होती. पुन्हा सरकायची वेळ झाली, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच उठली.